दिवाण चिकट का राहिला? लाकडाच्या तेलाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जुन्या सागवानी दिवाणाचं पॉलिश घासून काढलं आणि घाणीवरून आणलेलं जवसाचं तेल ब्रशने दोनदा भरपूर लावलं. तीन आठवडे झाले तरी चादर चिकटते, वर बसलेली धूळ निघत नाही. आता काय करावं? (महाल, नागपूर)

उत्तर : तेल चुकलं नाही, जास्त झालं. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेत ते हळूहळू घट्ट होतं. थर जाड असला की वरची साय आधी धरते, खालच्या तेलाला हवा पोचत नाही आणि ते चिकटच राहतं. त्यात घाणीचं तेल कच्चं. पातळ थरातही त्याला बरेच दिवस लागतात, कूलरच्या दमट हवेत आणखी जास्त.

आधी चिकटा काढा. जाड सुती कापड टर्पेंटाइनमध्ये भिजवून घासा. हट्टी जागी भांड्यांचा हिरवा स्क्रबर वापरा. रॉकेल नको, त्याचा ओशटपणा आणि वास मागे राहतो. उरलेलं 120 नंबरच्या पॉलिश पेपरने काढा. पेपर लवकर भरतो, तेव्हा दोन-चार जास्त आणा. मग 180, मग 220, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवे ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात. धूळ झटकून थिनरचं कापड फिरवा आणि ते उडालं की त्याच दिवशी तेल लावा, कारण सागाच्या अंगचं तेल पुन्हा वर येतं आणि सुकणं लांबवतं.

या वेळी हार्डवेअरच्या दुकानातून ‘डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल’ घ्या. त्यात सुकवणारी धातूंची संयुगं असतात, म्हणून पातळ थर साधारण दिवसभरात सुकतो. घरी कढईत तेल उकळून ते तयार होत नाही. आग मात्र लागू शकते.

सहा बाय चारच्या फळीला पाव लिटर तेल आणि दीडशे मिली टर्पेंटाइन पुरतं. पहिल्या हाताला दोन्ही निम्मेनिम्म, दुसऱ्याला तीन भाग तेल आणि एक भाग टर्पेंटाइन, तिसऱ्याला नुसतं तेल. ब्रश ठेवून द्या, कापडाने चोळा. पंधरा-वीस मिनिटांनी कोरड्या सुती कापडाने सगळं पुसा, हात फिरवल्यावर बोटाला तेल लागता कामा नये इतकं. इथेच बहुतेकांचा हात आखडतो. लावलेलं तेल पुसून टाकणं जिवावर येतं. तासाभराने पुन्हा बघा, सागाच्या छिद्रांतून थेंब वर आलेले असतात, तेही पुसा. दोन हातांमध्ये किमान चोवीस तास जाऊ द्या आणि 320 चा पेपर हलकेच फिरवा. मे महिन्यात दुपारी उन्हात हे काम काढू नका, पुसायच्या आतच तेल आळतं. सकाळी, सावलीत, खिडक्या उघड्या ठेवून करा. जवळ गॅस किंवा दिवा नको.

प्रश्न : तेलाच्या चिंध्या धोकादायक असतात असं ऐकलं. खरं का? (मानेवाडा, नागपूर)

उत्तर : अगदी खरं. सुकताना जवसाचं तेल उष्णता सोडतं. फळीवर ती निघून जाते, पण चुरगाळलेल्या चिंधीत कोंडून राहते आणि ठिणगीशिवायही कापड पेटू शकतं. नागपूरच्या 45 अंशांत बाल्कनीतल्या कचऱ्याच्या डब्यात तर तासाभरासाठीही बोळा टाकू नका. काम झालं की चिंध्या पाण्याच्या बादलीत बुडवा, किंवा अंगणात एकपदरी पसरून कडक होईपर्यंत वाळवा आणि मगच फेका. साध्या खनिज थिनरच्या चिंधीला हा स्वतःहून पेटण्याचा धोका नसतो, मात्र तीही आगीपासून लांबच ठेवावी.

प्रश्न : पोळपाट-लाटण्याला हेच तेल चालेल का? की शेंगदाण्याचं लावू? (धरमपेठ, नागपूर)

उत्तर : दोन्ही नको. दुकानातलं बॉइल्ड तेल खाण्याच्या वस्तूंसाठी नाही, आणि शेंगदाण्याचं तेल सुकतच नाही, काही दिवसांत खवट वास मारतं. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन चोळा, रात्रभर मुरू द्या, सकाळी पुसा. लाकूड फिकं पडलं की पुन्हा लावा. पोळपाट पाण्यात भिजत ठेवायची सवय असेल तर कुठलंच तेल टिकणार नाही.

प्रश्न : मुख्य दाराची चमक गेली आहे. आहे त्याच पॉलिशवर तेल मारू का? (प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : पाण्याचा थेंब टाका. दहा मिनिटांनीही तो तसाच उभा राहिला तर वर अजून थर आहे. तेल आत जाणार नाही, वरच्या वर चिकट होईल. चपडीचं, म्हणजे लाखेचं पॉलिश असेल तर स्पिरिटच्या बोळ्याने मऊ पडून निघेल. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा प्लास्टिकसारखा कडक थर असेल तर घासून पूर्ण काढावं लागेल. एवढी मेहनत करायची नसेल तर पीयूचाच नवा हात द्या. दारावर पावसाची झड येत असेल तर तेच बरं, कारण उघड्यावर जवसाच्या तेलावर पावसाळ्यात काळी बुरशी धरते.