कारखान्यावर बसवण्याची धमकी आधी मागे घ्या

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा छोटा कारखाना चालवणाऱ्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा सोलापुरातच बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. मार्क साठ टक्क्यांच्या आसपास, जावा या प्रोग्रामिंग भाषेचा पेपर राहिलेला. हल्ली तो कोडिंगचा सराव सोडून व्यवसायातल्या प्रक्रियांचं ऑब्जेक्ट ओरिएंटेड मॉडेलिंग, म्हणजे कामातल्या वस्तू आणि त्यांची नाती आकृत्यांत मांडणं, शिकतोय, वह्याच्या वह्या चौकोन आणि बाणांनी भरतोय, आणि बिझनेस ॲनालिस्ट, म्हणजे कंपनीचं काम समजून घेऊन ते प्रोग्रामरना नीट मांडून देणारा, व्हायचंय म्हणतो. वडील लिहितात: 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणजे जावाच ना? तेच जमेना, तर हे काय जमणार? चित्रं काढून पोट भरतं का? माझा भाचा हिंजवडीत आहे, त्याचं बघा. तुम्ही याला एमसीए करायला सांगा. यंदा काही झालं नाही तर सरळ कारखान्यावर बसवतो, मग कळेल.'

नमस्कार.

जावाच्या पेपरची मला फार काळजी वाटली नाही. राहिलेला पेपर निघतो. मी अडकलो ते तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी. त्याच पत्रात थोडं वर तुमची तक्रार आहे की मुलगा कारखान्याकडे फिरकत नाही, 'चार पोरं कामाला आहेत, पण घरचा पोरगा मागाजवळ उभा राहत नाही.' कसा राहील? ज्या कारखान्यावर घर उभं राहिलं, तो तुम्ही स्वतःच त्याला शिक्षा म्हणून दाखवताय. नापास झालास तर तुरुंग, अशा थाटात. हे जेवताना रोज ऐकणाऱ्या मुलाच्या मनात वडिलांच्या कामाबद्दल काय राहत असेल, याचा विचार करा. आणि तुमच्या मनात तरी काय आहे? पत्रात मुलाच्या मार्कांना एक ओळ मिळाली आहे आणि भाच्याच्या पगाराला पाऊण पान. मला वाटतं, मुलाला आयटीत ढकलण्यामागे त्याच्या भविष्याइतकाच बहिणीच्या घरी ताठ मानेनं बसण्याचा प्रश्न आहे. स्पष्ट लिहिलं म्हणून राग मानू नका, पण हे ओझं त्याच्या डोक्यावरून उतरवल्याशिवाय कुठलाही कोर्स लागू पडणार नाही.

आता 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणजे जावा' हा गैरसमज. तो तुमच्या एकट्याचा नाही, कित्येक कॉलेजांत शिकवणाऱ्यांचाही आहे. जावा १९९५ साली बाजारात आली. ही विचारपद्धत तिच्याआधी जवळजवळ तीस वर्षं वापरात होती. ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांनी १९६०च्या दशकात सिम्युला नावाची भाषा घडवली आणि १९६७च्या आवृत्तीत क्लास (वस्तूंचा प्रकार) आणि ऑब्जेक्ट (त्या प्रकारातली एकेक वस्तू) या कल्पना आणल्या. त्यांच्या कामाची सुरुवात झाली होती ती जिथे माल थांबतो, माणसं रांगेत उभी राहतात, यंत्रं मोकळी पडतात, अशा खऱ्या व्यवस्थांची कम्प्युटरवर नक्कल करण्यापासून. म्हणजे या पद्धतीचं मूळच तुमच्या कारखान्यासारख्या कामात आहे. पुढे ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इवार याकॉबसन या तिघांनी आपापल्या पद्धती एकत्र करून यूएमएल ही आकृत्यांची भाषा तयार केली आणि १९९७ साली ती प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. तुमचा मुलगा काढतो ती 'चित्रं' हीच. जावात सेमीकोलन चुकवणारा मुलगा यात चांगला असू शकतो, आणि जावात नव्वद मार्क मिळवणारा साफ गोंधळलेला.

असू शकतो म्हणतोय. आहेच, असं म्हणत नाही. तुम्ही त्याच्या वहीच्या पानांचे फोटो पाठवलेत ते पाहिले. एका पानावर एटीएममधून पैसे काढणं, दुसऱ्यावर ग्रंथालयातून पुस्तक घेणं. नीटनेटकं आहे, आणि सगळं उतरवलेलं आहे. ही दोन उदाहरणं प्रत्येक नोट्समध्ये असतात. ती गिरवून हात वळतो, डोकं वळत नाही. तेव्हा यापुढचा मजकूर त्याला वाचायला द्या.

बाळा, तुझ्या कारखान्यातला एक किस्सा वडिलांनी पत्रात सहज सांगितलाय. एका पार्टीने टॉवेल परत पाठवले, एकाच ऑर्डरमध्ये दोन शेड, म्हणजे रंगछटा, आल्या म्हणून. चूक कुणाची यावरून डाइंगवाला (सूत रंगवणारा), जॉबर (मागांवरचा मुकादम) आणि दिवाणजी यांची जुंपली. तुझा अभ्यास इथून सुरू होतो. टेरीच्या मागावर बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेले रूळ, दोन असतात, एक जमिनीचा (टॉवेलच्या मूळ कापडाचा) आणि एक लूपचा (वरच्या फुगीर फासांचा). लूपला सूत कितीतरी जास्त लागतं, म्हणून तो बीम आधी संपतो. नवा बीम चढवला आणि त्याचं सूत डाइंगच्या दुसऱ्या लॉटमधलं, म्हणजे वेगळ्या खेपेला रंगवलेलं, असलं, तर ऑर्डर तीच, माग तोच, पण शेड बदलते. आता 'ऑर्डर, सूत, डाइंग, वार्पिंग, माग, शिलाई, चेकिंग, पॅकिंग' अशी बाणांची रांग काढून बघ. या रांगेत ही चूक कुठेच दिसणार नाही. ती दिसायची तर ऑर्डर, लॉट, बीम, माग यांना स्वतंत्र वस्तू मानावं लागतं आणि प्रत्येकाला विचारावं लागतं: तुला काय माहीत आहे, तुझं नातं कुणाशी? एका ऑर्डरला किती लॉट लागले? एक लॉट किती ऑर्डरींत गेला? बीम कुठल्या लॉटचा, हे कुठे लिहिलंय? बहुधा कुठेच नाही, जॉबरच्या लक्षात आहे.

दुसरं, ऑर्डरच्या अवस्था काढ. 'घेतली', 'मागावर', 'पाठवली' या सोप्या. अर्धा माल गेला, अर्धा राहिला आणि पार्टीने पेमेंट अडवलं, तर ती ऑर्डर कुठल्या चौकोनात बसते? हे दिवाणजींना विचार. त्यांच्या वहीत पेन्सिलीने केलेल्या खुणा असतील, त्यांचा अर्थ समजून घे. वहीला नावं ठेवू नकोस. यूएमएलमध्ये चौदा प्रकारच्या आकृत्या आहेत. तुला सध्या यूज केस (कोण काय करतं), ॲक्टिव्हिटी (कामाचे टप्पे), क्लास (वस्तू आणि त्यांची नाती) आणि स्टेट (अवस्था) या चार पुरे. बीपीएमएन ही आकृत्यांची दुसरी भाषा नंतर बघ. कंपन्यांत कामाचा ओघ दाखवायला ती खूप वापरतात आणि हे आलं की ती पटकन येते.

जावाचा पेपर मात्र काढायचाच. कोड लिहिणाऱ्याला काय सोपं जातं आणि काय जड, हे माहीत नसलेला ॲनालिस्ट मीटिंगमध्ये फार काळ टिकत नाही. आणि पदवी हातात पडताच कुणी बिझनेस ॲनालिस्ट म्हणून बोलावेल या भ्रमात राहू नकोस. बहुतेकांची सुरुवात टेस्टिंग, सपोर्ट किंवा ईआरपी (ऑर्डर, साठा, हिशेब असं सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवून देणाऱ्या कंपनीत होते. तिथे रोज एक नवा कारखाना, नवा दिवाणजी भेटतो. तुझ्यासाठी हीच वाट बरी.

आता पुन्हा वडिलांसाठी. एमसीए करायचंच असेल तर सीईटी आहे, त्याने द्यावी, पण निर्णय निकालानंतर त्याचा त्याने घ्यावा. पुण्यातल्या ज्या क्लासचं माहितीपत्रक तुम्ही जोडलंय, त्याचे पैसे इतक्यात भरू नका. सर्टिफिकेट परीक्षा नंतरही देता येतात, आणि लागणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. या महिन्यात त्याला रोज दोन तास कारखान्यावर येऊ द्या, 'बसवू' नका. दिवाणजींना आणि जॉबरला आधी सांगून ठेवा की पोरगा प्रश्न विचारायला येतोय, हिशेब तपासायला नाही, नाहीतर कुणी तोंड उघडणार नाही. तुम्ही स्वतः तो विचारत असताना मध्ये बोलू नका. हे तुम्हाला सगळ्यात जड जाईल.

परत आलेल्या मालाच्या ऑर्डरची आकृती झाली की मला पाठवायला सांगा. खाडाखोड असली तरी चालेल.