“ताई, माझंच काही चुकलं का?”

बाळाच्या हृदयात छिद्र आहे हे कळलेल्या आया माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकींचा पहिला प्रश्न हाच असतो. सव्वा महिन्याच्या मुलीला घेऊन आलेल्या आईनंही तोच विचारला. चौथ्या महिन्यात तिनं जड सामान उचललं, त्याचंच हे, असं सासूबाईंचं म्हणणं.

मी तिला आठवड्यांचा हिशोब सांगितला. गर्भाच्या तिसऱ्या आठवड्यापासून हृदय घडू लागतं आणि आठव्यापर्यंत त्याचे कप्पे व मधला पडदा साधारण तयार होतात. चौथ्या महिन्यातल्या सामानानं पडद्याला भोक पडत नाही. गुणसूत्रांतला दोष, आधीपासूनचा अनियंत्रित मधुमेह, गरोदरपणाच्या सुरुवातीला झालेला रुबेला (जर्मन गोवर), फिट्सवरची काही औषधं, अशी कारणं कधी सापडतात. तिच्या बाबतीत यातलं काही नव्हतं. शंभरात साधारण एका बाळाला जन्मजात हृदयदोष असतो आणि बहुतेकांचं नेमकं कारण कळतच नाही.

हेच मी सासूबाईंना आत बोलावून पुन्हा सांगितलं. मुद्दाम सांगते. एकट्या आईची समजूत घालून उपयोग नाही, घरी तोच आरोप पुन्हा तिच्या वाट्याला येतो.

बाळाचे वडील मात्र चिडले होते. “जन्मल्यावर तपासलं होतं, तेव्हा कसं कळलं नाही?” राग समजण्यासारखा होता. पण जन्मानंतर काही दिवस फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब जास्त असतो. हृदयाच्या दोन्ही बाजूंच्या दाबात फारसा फरक नसल्यानं छिद्रातून रक्त कमीच जातं, आणि डॉक्टरांना हृदयाचा जादा आवाज ऐकू येत नाही. पुढच्या काही आठवड्यांत हा दाब उतरतो. मग डावीकडचं रक्त उजवीकडे घुसतं, फुप्फुसांत जादा रक्त जातं आणि बाळाला धाप लागते. म्हणून हे महिन्याभरानं लक्षात आलं.

लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात. हे मध्यम होतं, त्यामुळे औषधं आणि ठरावीक काळानं टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. आईला मी लक्ष ठेवायला सांगितलं ते असं: दूध पिताना कपाळावर घाम येणं, दमून मध्येच दूध सोडणं, वजन न वाढणं, शांत झोपेतही मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास. यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. ओठ-जीभ निळी दिसली तर तत्काळ निघा.

“आणि पुढच्या वेळी?” तिनं विचारलं. धोका थोडा वाढतो, पण बहुतेक भावंडांचं हृदय चांगलं असतं. १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान गर्भाच्या हृदयाची इको करून घ्या.