व्हिडिओला हजेरी जोडू का?

प्रश्न : मी बी. ए. द्वितीय वर्षाला अर्थशास्त्र शिकवते. आमचा पेपर ब्लेंडेड (काही भाग ऑनलाइन, काही वर्गात) करायचं ठरलं, म्हणून मी सगळा अभ्यासक्रम रेकॉर्ड केला. एकेक व्हिडिओ पन्नास मिनिटांचा. मुलं ते बघत नाहीत, आणि ‘मॅडम, व्हिडिओ आहेतच की’ म्हणून वर्गातही येत नाहीत. बरीच जण एसटीने येतात, काहींच्या घरात एकच स्मार्टफोन आहे. व्हिडिओ पाहण्याला हजेरी जोडावी, असं आता वरिष्ठ सुचवतात. जोडू का?
– एक प्राध्यापिका, लातूर जिल्हा

उत्तर : मॅडम, मुळीच जोडू नका. व्हिडिओ चालू राहील, फोन उशीखाली राहील आणि हजेरी शंभर टक्के लागेल.

मुलांचं मला फारसं चुकलेलं वाटत नाही. जे वर्गात मिळणार तेच फोनवर असेल, तर पहाटेची एसटी कोण कशाला पकडेल? म्हणून आधी वर्गातला तास ठरवा. समोर बसलेल्या मुलांकडून काय करून घ्यायचं ते कागदावर मांडा. त्यासाठी जी तयारी लागेल तेवढीच फोनवर पाठवा.

तुमचाच ‘मागणीची लवचिकता’ (किंमत बदलली की मागणी किती बदलते) हा धडा घ्या. व्याख्या आणि सूत्र सहा मिनिटांत सांगून होतं. (एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंचा २०१४ मध्ये मोठा अभ्यास झाला होता. सहा मिनिटांपुढे बघणाऱ्यांचं लक्ष टिकत नाही, असंच त्यात दिसलं. आणि ती मुलं तर हौसेने नाव घातलेली!) त्याखाली एकच काम द्या : घरी विचारा, कांदा २० रुपये किलो होता तेव्हा आठवड्याला किती आणायचात, ४० झाल्यावर किती? मीठ महागलं तर कमी घ्याल का? उत्तर वहीत लिहून आणायचं. फोन नसलेल्यालाही हे जमतं, आणि व्हिडिओ तो मित्राच्या फोनवर एसटीतही बघेल.

मग वर्गात फळ्यावर तेच आकडे मांडा. एखाद्या घरात दोन किलोचा दीड किलो झाला असेल. किंमत १०० टक्के वाढली, मागणी २५ टक्के घटली, लवचिकता ०.२५. शेजारच्या बाकावरचा म्हणेल, ‘आमच्याकडे कांदा शेतातलाच, आम्हाला काय फरक पडतो?’ मॅडम, तास इथे सुरू होतो! भाव वाढला की त्याच्या घरी आनंद का होतो, हे व्हिडिओत आणायचं म्हटलं तरी येणार नाही. जो वही कोरी घेऊन येईल त्याला या गप्पांत बोलायला काही नसतं. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक जण व्हिडिओ बघू लागतात. अंतर्गत गुण द्यायचेच तर त्या वहीला द्या.

सगळा पेपर रेकॉर्ड करा असं कुणी म्हटलंच, तर यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) २०२१ चं ब्लेंडेड लर्निंगवरचं टिपण दाखवा. एका विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन, बाकीचा प्रत्यक्ष, अशी सूचना त्यात आहे.

केलेले व्हिडिओ फेकू नका. त्यातले पाच-सहा मिनिटांचे कामाचे तुकडे कापून घ्या, आणि प्रत्येकाची नुसती ऑडिओ फाइलही ठेवा. डेटा संपत आलेला असला तरी ती उतरते. आलेख असेल तिथे मात्र ऑडिओने भागणार नाही, त्याची एक झेरॉक्स वर्गात वाटा.