लेकीबरोबर पहिल्यांदाच रॅपच्या कार्यक्रमाला जाताय? आधी जागा बदला

तुमचे प्रश्न मला समजले ते असे. लेक १५ वर्षांची, तिच्या हट्टापायी न्यू जर्सीत न्यूअर्कच्या प्रुडेन्शियल सेंटरला पाच जणांचा हिप-हॉपचा कार्यक्रम बघायचाय. तुम्हाला स्वतःला रॅपमधलं ओ की ठो कळत नाही. तिकिटावर ७ ची वेळ आहे, पण मुख्य रॅपर शेवटी येणार, मग साडेआठला पोचलं तर चालेल का? 'एकदाच जातोय तर जवळून बघू' म्हणून फ्लोअरची, म्हणजे स्टेजसमोरच्या सपाट जागेतली महाग तिकिटं घ्यायचं जवळजवळ ठरलंय. आणि ऑफिसातल्या मित्रानं 'तिथे मारामाऱ्या होतात' असं सांगून तुमच्या पोटात गोळा आणलाय.

मी एडिसनला राहते आणि वीसेक वर्षं असल्या कार्यक्रमांना जातेय. सुरुवात झाली रात्रपाळीत. लॅबमध्ये माझ्याबरोबर न्यूअर्कची एक बाई होती, ती रेडमन या रॅपरची गाणी लावायची, कारण तो त्यांच्या गावचा. सहा महिने मला त्यातला एक शब्द कळला नाही. सातव्या महिन्यात नमुने लावता लावता मी त्याच्याबरोबर पुटपुटायला लागले. तेव्हा न कळण्याचं फार मनावर घेऊ नका.

जागेचं मात्र मनावर घ्या. फ्लोअर घेऊ नका.

प्रुडेन्शियल सेंटर २००७ साली उघडलं ते मुळात आइस हॉकीसाठी. म्हणजे खाली सपाट, भोवती काँक्रीट आणि वर लोखंडी छप्पर असलेलं मोठं भांडं. अशा भांड्यात आवाज घुमतो. गाभाऱ्यात आरती घुमते तेव्हा ती भरीव वाटते, सूर लांबला तर बिघडत काहीच नाही. पण त्याच गाभाऱ्यात कुणी भरभर बातम्या वाचायला लागलं तर? मागचा शब्द विरायच्या आत पुढचा त्याच्यावर येऊन बसणार. रॅपचं नेमकं तेच होतं. आणि शब्द गेले तर रॅपमध्ये उरतो फक्त ढोल.

त्यात फ्लोअरला पुढे स्टेजच्या पायाशी बेसचे, म्हणजे खर्जाच्या दणक्याचे मोठमोठे खोके ठेवलेले असतात. शब्द ऐकवणारे स्पीकर वर टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मुख्यतः सगळ्या हॉलकडे असतो. मी पहिल्यांदा फ्लोअरला गेले होते, चौथी रांग. उंची पाच फूट एक इंच. पहिल्या गाण्याला सगळे जे उभे राहिले ते शेवटपर्यंत बसलेच नाहीत. मला दिसला एका उंच मुलाच्या जॅकेटवरचा वाघ आणि त्याच्या डोक्यावर धरलेल्या फोनच्या पडद्यावर अंगठ्याएवढा रॅपर. बरगड्या मात्र दोन तास हलत होत्या. त्या वाघाला मी आजही ओळखेन.

मग बसायचं कुठे? नकाशात स्टेजच्या बरोब्बर समोर, फ्लोअरच्या दुसऱ्या टोकाकडे साउंड इंजिनिअरचं टेबल असतं. तो माणूस तिथे उभं राहून स्वतःच्या कानानं आवाज जुळवतो, म्हणजे त्याला जे ऐकू येतं तेच त्याच्या मते बरोबर. त्याच्या मागच्या किंवा किंचित तिरक्या बाजूच्या खालच्या मजल्यावरच्या खुर्च्या घ्या. त्या परवडत नसतील तर वरच्या मजल्यावर गेलात तरी चालेल, पण समोरच्या बाजूला. स्टेजला चिकटून असलेल्या बाजूच्या सेक्शनमध्ये रॅपर जवळून दिसतो म्हणून मोह होतो. तिथे तुम्ही स्पीकरच्या रेषेच्या मागे जाता आणि समोरच्या भिंतीवर आपटून परत आलेला आवाज ऐकत बसता. 'मर्यादित दृश्य' लिहिलेली स्वस्त तिकिटं बहुधा हीच असतात.

किमतीचं म्हणाल तर सगळी शुल्कं धरलेली पूर्ण किंमत आधीच दाखवायची सक्ती मे २०२५ पासून देशभर आहे, त्यामुळे शेवटच्या पानावर धक्का बसू नये. तिकीट फोनवर येतं, त्याचा बारकोड सतत बदलत असतो. स्क्रीनशॉट काढून ठेवलात तर दारात उपयोग नाही. घरूनच फोनच्या वॉलेटमध्ये टाका, कारण दाराशी हजारो लोक एकदम फोन काढतात आणि नेटवर्क मान टाकतं.

आता साडेआठचं. नका जाऊ साडेआठला.

रॉकच्या कार्यक्रमात दोन बँडच्या मध्ये ड्रम, अँप हलवायला अर्धा तास जातो, चहा पिऊन येता येतं. इथे काय हलवायचं असतं? डीजेचं टेबल, दोन-चार माइक, मागचा पडदा. दहा-पंधरा मिनिटांत पुढचा माणूस उभा. पाच नावं असतील तर पहिल्याला वीस-पंचवीस मिनिटं, मधल्यांना अर्धा-पाऊण तास, शेवटच्याला सव्वा ते दीड तास असा साधारण हिशेब असतो आणि अकराच्या आसपास आवरायचं असतं. कधी कधी मधला वेळही नसतो. २०२३ साली एल एल कूल जे या रॅपरच्या दौऱ्यात द रूट्स हा बँड स्टेजवरच होता आणि साथीला तोच, फक्त पुढचे गाणारे बदलत होते. तिथे उशिरा येणाऱ्याला आपण काय चुकवलं हेही कळलं नसेल.

आणि लेकीला कोण आवडतो ते तुम्ही विचारलंय का? पंधरा वर्षांच्या पोरींचा जीव बहुतेकदा यादीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या नावात अडकलेला असतो. माझ्या भाचीला मी एकदा अशीच उशिरा घेऊन गेले. न्यूअर्क पेन स्टेशनच्या मागे फेरी स्ट्रीटवर पोर्तुगीज खाणावळी आहेत, तिथे कोळंबीवर ताव मारत बसलो. आत शिरलो तेव्हा तिचा माणूस हात हलवत निघाला होता. ती रडली नाही, काही बोललीही नाही. परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बघत बसली, ते जास्त लागलं. फेरी स्ट्रीटला जरूर जा, पण साडेपाचला.

बघायचं काय, हेही सांगते, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं की गाणी अर्धवट का तोडतायत. एक कडवं, धृपद, की लगेच पुढचं गाणं. ही पद्धतच आहे. वीस वर्षांची गाणी पाऊण तासात बसवायची तर दुसरं काय करणार? आणि मुख्य रॅपरच्या बाजूला एक माणूस सतत हिंडत असतो, ओळीचा शेवटचा शब्द उचलतो, लोकांना ओरडायला लावतो, रॅपरला श्वास घेऊ देतो. त्याला हाइप मॅन म्हणतात. तुम्ही पोवाडा ऐकला असेल तर हा झीलकरी. शाहीर कडव्यात दमतो तेव्हा 'जी जी रं जी' नं जे काम होतं तेच हा करतो. बस्टा ऱ्हाइम्स या रॅपरबरोबर स्प्लिफ स्टार वर्षानुवर्षं हे करत आलाय. २०२२ साली बस्टा, रॅपर नास आणि वू-टँग क्लॅन हा रॅपर्सचा गट यांचा एकत्र दौरा निघाला तेव्हा मी अर्धा वेळ बस्टाकडे न बघता त्या माणसाकडेच बघत होते. कधी बोलायचं यापेक्षा कधी गप्प बसायचं हे त्याला फार नेमकं कळतं.

जुन्या लोकांचा कार्यक्रम असेल तर आणखी एक मजा. वू-टँगचा ओल डर्टी बास्टर्ड २००४ मध्ये गेला. त्याच्या जागी आता त्याचा मुलगा उभा राहतो, तसाच आवाज, तसेच विस्कटलेले केस. घराणं म्हणायला हरकत नाही.

जाण्याआधी लेकीकडून प्रत्येकाची तीन-तीन गाणी मागून घ्या आणि शब्द समोर ठेवून ऐका. पंधरा गाणी, एक तास. हॉलमध्ये शब्द ऐकू येतात ते आधी माहीत असलेल्यालाच. हे मी चेष्टेत म्हणत नाही.

मारामाऱ्यांचं. तुमचा मित्र अगदीच खोटं बोलत नाहीये, पण त्याची बातमी फार जुनी आहे. १९८६ साली कॅलिफोर्नियात लाँग बीचला रन-डीएमसी या रॅप गटाच्या कार्यक्रमात टोळ्यांची हाणामारी झाली, डझनावारी लोक जखमी झाले. १९८८ साली लाँग आयलंडवर नासाउ कोलिझियममध्ये रॅपच्याच कार्यक्रमात एका तरुणाचा भोसकून खून झाला. त्यानंतर विम्याचे दर वाढले आणि पुष्कळ हॉलवाल्यांनी रॅपला दारच लावून घेतलं. केआरएस-वनसारख्या रॅपर्सनी हिंसा थांबवा म्हणून चळवळ उभी केली ती त्याच सुमारास. गंमत म्हणजे त्याच १९८६ च्या उन्हाळ्यात त्याच रन-डीएमसीनं मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये 'बूट वर करा' म्हटलं आणि हजारो लोकांनी आपापले आदिदास हातात धरले. प्रेक्षकांत बसलेल्या कंपनीच्या माणसानं ते पाहिलं आणि पुढे त्यांच्याशी करार झाला. ही गोष्ट ऑफिसातले मित्र सांगत नाहीत. हॉलवाल्यांची भीती मोडली ती १९९९ साली, जे-झी, डीएमएक्स, मेथड मॅन आणि रेडमन हे देशभर फिरून आले आणि काही बिनसलं नाही तेव्हा.

खरी भीती कशाची बाळगायची तर दाटीची. ५ नोव्हेंबर २०२१ ला ह्यूस्टनला रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटच्या कार्यक्रमात १० जण गेले ते कुणी मारून नव्हे, गर्दीत छाती दाबली जाऊन. ते मोकळं मैदान होतं आणि लोक उभे होते. नंबर असलेल्या खुर्च्यांत तसं व्हायची शक्यता फार कमी. पण तुमच्या कार्यक्रमाचं फ्लोअर जर खुर्च्यांशिवाय, नुसतं उभं राहायचं असेल, तर १५ वर्षांच्या मुलीला घेऊन तिथे जाऊच नका. यावर माझ्याशी वाद घालू नका.

गांजाचा वास येईल. न्यू जर्सीत तो २०२२ पासून २१ वर्षांवरच्यांना दुकानात मिळतो. हॉलमध्ये ओढायला बंदी आहे, तरी येतो. नाक मुरडून काही होणार नाही. शिव्याही भरपूर. त्या तिला तुमच्याआधी पाठ आहेत.

एका शब्दाबद्दल मात्र घरीच बोलून ठेवा. काळ्या लोकांना हिणवायला वापरला गेलेला तो शब्द या गाण्यांत जागोजाग असतो, आणि आपली मुलं गाण्याच्या भरात तो जोरात म्हणून मोकळी होतात. २०१८ साली अलाबामात रॅपर केंड्रिक लमारनं एका गोऱ्या चाहतीला स्टेजवर बोलावलं, तिनं गाताना तो म्हटला आणि त्यानं गाणं थांबवलं. आपण गोरे नाही म्हणून आपल्याला सूट आहे असं आपल्या पोरांना वाटतं. नाही. तेवढी जागा मोकळी सोडून पुढचा शब्द गायचा, माझी भाची तेच करते.

कान सांभाळा, तुमचे आणि तिचे दोघांचे. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० ला पोचेपर्यंत पंधरा मिनिटं उरतात. अशा हॉलमध्ये १०० सहज होतात. फार्मसीतले फोमचे बोळे शब्दच खातात. संगीतासाठीचे वेगळे इअरप्लग वीसेक डॉलरला मिळतात, ते आवाज कमी करतात पण शब्द ठेवतात. लेक 'लोक काय म्हणतील' म्हणेल. डीजेकडे बोट दाखवा, त्याच्या कानात काय आहे ते बघ म्हणावं.

डबा नेऊ नका. मी नेला होता. स्टीलचा, आत गुळपोळ्या. यंत्र केकाटलं, रखवालदारानं झाकण उघडून बराच वेळ पोळ्यांकडे बघितलं आणि कचऱ्याच्या पिंपाकडे मान हलवली. डबा वाचवला, पोळ्या तिथेच उभ्या उभ्या खाल्ल्या, एक त्यालाही देऊ केली. घेतली नाही. बॅगेचा आकार किती चालतो ते हॉलच्या साइटवर आदल्या दिवशी बघा, नियम बदलत असतात. खरं तर बॅगच नेऊ नका.

गाडीही नको. पेन स्टेशनवरून हॉल पायी दहा मिनिटांवर आहे, पुढे मागे तशाच टोप्या घातलेले लोक असतात, वाट विचारावी लागत नाही. पाथ ही जर्सी सिटीकडे जाणारी लोकल रात्रभर चालते, त्यामुळे तुम्ही तिकडचे असाल तर निवांत. एडिसनकडे येणाऱ्यांनी मात्र न्यू जर्सी ट्रान्झिटची उशिराची गाडी आधी बघून ठेवावी. मी एकदा प्लॅटफॉर्मवर तासभर बसलेय, कानात शिट्टी वाजत होती आणि शेजारच्या बाकावर दोन पोरं पूर्ण कार्यक्रम पुन्हा म्हणून दाखवत होती, त्यातला एक झीलकरी.

तिकिटं अजून घेतली नसतील तर समोरच्या बाजूचे कुठले सेक्शन शिल्लक आहेत ते इथे टाका, मी नकाशा बघून सांगते. घेतली असतील आणि फ्लोअरचीच असतील, तर परत विकायला आत्ताच लावा. कार्यक्रमाच्या दिवशी भाव पडतात.