खानापूरकडच्या कौलारू घरात, पडवीच्या वाशाला गांधीलमाश्यांचं पोळं लागलंय, काय करावं?

आधी ते कुणाचं आहे बघा. मातीचं, मडक्यासारखं घरटं असेल तर ती कुंभारीण. एकटी राहते, सहसा चावत नाही, राहू द्या. कागदासारखं राखाडी, उघड्या घरांचं पोळं म्हणजे गांधीलमाशी. तेही परड्यातल्या झाडावर उंच असेल तर छेडू नका, भाजीवरच्या अळ्या त्याच खातात.

दाराजवळ असेल तर मात्र काढावंच लागतं. चूड पेटवून जाळायचा आपल्याकडचा जुना उपाय वाशाखाली अजिबात नको, माश्यांआधी घर पेटायचं! पोळं तळहाताएवढं असेल तर अंधार पडल्यावर, अंगभर कपडे घालून, लांबून साबणाचं दाट पाणी जोरात मारा. शिडीवर चढून नको. सकाळी माश्या नाहीत याची खात्री करून पोळं खरवडा, नाहीतर उरलेल्या पुन्हा तिथेच बसतात. पोळं मोठं किंवा भिंतीच्या पोकळीत असेल तर पेस्ट कंट्रोलवाल्यालाच बोलवा.

मधमाशीसारखी हिची नांगी अडकून राहत नाही, एकच माशी अनेकदा डसते. डसल्यावर साबणाने धुऊन बर्फ लावा. ओठ सुजले, धाप लागली, चक्कर आली तर चुना लावत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा.