आधी डबा, मग इंजिन

फोंडा, रविवार

चि. बाय, अनेक आशीर्वाद.

तुझी ई-मेल तुझ्या आईने छापून आणून दिली. फोनच्या पडद्यावर एवढं वाचायला मला जमत नाही हे तिला ठाऊक आहे. पाच पानं भरली. चार पानं त्या जुन्या वाफेच्या इंजिनाचं कौतुक, आणि पाचव्या पानावर खरं दुखणं. तीन महिने दर शनिवारी तिथे ब्रिटनमध्ये दोन बसेस बदलून, वाफेची जुनी इंजिनं जपणाऱ्या स्वयंसेवकांच्या शेडवर जातेस, पण इंजिनाला कुणी हात लावू देत नाही. मागच्या सायडिंगला उभ्या असलेल्या एका गंजक्या डब्यात बसवलंय, बोल्ट निवडायला आणि रंग खरवडायला. ‘मामा, यासाठी मी मेकॅनिकल केलं का? सोडून देऊ का?’

सोडू नकोस. का ते सांगतो, पण माझ्या पद्धतीने, म्हणजे थोडं भरकटत.

गावच्या जत्रेतलं नाटक आठव. तालमीच्या पहिल्या रात्री वीस जण जमायचे आणि त्यातल्या अठरा जणांना राजा व्हायचं असायचं. पडदा ओढायला कोण, सामान मांडायला कोण, हे विचारलं की सगळे देवळाच्या कळसाकडे बघायचे. तुझे आजोबा मात्र वर्षानुवर्षं विंगेत वही घेऊन बसले. राजा वाक्य विसरला की त्याच्या आधी यांचे ओठ हलायचे. बिदागी कसली, उलट घरचा कंदील नेऊन लावायचे. तू जिथे गेली आहेस तिथेही हाच मामला आहे. आठवडाभर कोणी शाळेत शिकवतो, कोणी टपाल वाटतो, आणि शनिवारी निळा डगला चढवून चाकाखाली शिरतो. पगार नाही, आणि चहाचे पैसे स्वतःच डब्यात टाकायचे. ही माणसं तुला परकी वाटायचं कारण नाही. ती आपल्या जत्रेतलीच आहेत, फक्त थंडीत राहतात.

त्यांच्याकडे ही परंपरा जुनी आहे. वेल्समधली तालिलिन नावाची अरुंद गेजची, म्हणजे रुळांत कमी अंतर असलेली, स्लेटच्या खाणीची रेल्वे बंद पडायला आली, तेव्हा १९५१ साली स्वयंसेवकांनी ती चालवायला घेतली. जगात असं पहिल्यांदाच घडलं. पुढे ११ ऑगस्ट १९६८ ला ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गावरची वाफेची शेवटची गाडी चालवली. तोवर इंजिनं भंगारात निघत गेली होती. त्यातली सुमारे तीनशे इंजिनं दक्षिण वेल्समधल्या बॅरी गावच्या भंगारवाल्याकडे समुद्रकाठी येऊन पडली. त्याला वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, तोडण्यात फायदा दिसला, म्हणून इंजिनं तशीच राहिली. हवा आपल्या वास्कोसारखी खारी. पत्रे पोळीसारखे पातळ झाले, पितळेचं जे जे होतं ते गेलं. तरी त्यातली २१३ इंजिनं लोकांनी वर्गणी काढून सोडवून नेली. कोणाकडे बॉयलरला झाकायला ताडपत्री नव्हती, कोणाकडे रूळही नव्हते. तुझ्या शेडमधले ते पांढऱ्या मिशांचे आजोबा, जे तुझ्याशी धड बोलत नाहीत म्हणतेस, त्यांना एकदा बॅरीबद्दल विचारून बघ. वयावरून वाटतं, ते तिथे जाऊन आलेले असणार.

आता तुझ्या डब्याकडे येतो. सपोर्ट कोच म्हणतात त्याला, मी आपला सोबतीचा डबा म्हणतो. वाफेचं इंजिन एकटं कधीच नव्हतं. पूर्वी त्याची सोबत सगळ्या रेल्वेभर पसरलेली असायची. दर काही मैलांवर पाण्याचा खांब, कोळशाचा ओटा, राख काढायचा खड्डा, शेडमध्ये फिटर आणि बॉयलरमेकर. इंजिनं गेली तसं हे सगळं उखडलं. आज तिथे एखादं जुनं इंजिन मुख्य मार्गावर निघतं तेव्हा ती अख्खी शेड त्याला पाठीला बांधून न्यावी लागते, एका डब्यात. म्हणून त्या डब्यात व्हाइस लावलेलं टेबल असतं, सुटे भाग असतात, सिलिंडरचं जाड तेल आणि सांध्यांचं पातळ तेल वेगवेगळ्या पिंपांत असतं, बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या गेजच्या जादा काचा असतात, चहाची किटली असते, आणि पहाटे तीनला उठून आग पेटवणाऱ्यांना पाठ टेकायला बाकं असतात. पाण्याचं दुखणं तर फार मोठं. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ १९२३ चं इंजिन, त्याला १९६६ मध्ये केवळ पाण्यासाठी दुसरा टेंडर, म्हणजे इंजिनामागची कोळसा-पाण्याची गाडी, जोडावा लागला. ‘टॉर्नाडो’ १९९४ ला बांधायला घेतलं आणि २००८ ला पुरं झालं. त्या जातीचं एकही इंजिन उरलं नव्हतं म्हणून लोकांनी कोरं बांधलं. त्याच्या टेंडरमध्ये मूळ नमुन्यापेक्षा जास्त पाणी मावेल अशी टाकी केली, ६,२०० गॅलनची. म्हणजे सुमारे २८ हजार लिटर, आपल्या रस्त्यावरचे दोन-तीन टँकर. इंजिनाचे फोटो काढायला लोक पुलावर गर्दी करतात. त्याला घरी परत आणतो तो डबा.

मागे असणाऱ्याची किंमत मला बाबांमुळे, म्हणजे तुझ्या आजोबांमुळे, कळली. गोवा मुक्तीनंतर ते रेल्वेत लागले आणि कॅसलरॉकच्या घाटात बँकरवर फायरमन, म्हणजे आगीत कोळसा टाकणारे, होते. बँकर म्हणजे गाडीला मागून रेटणारं इंजिन. घाटाखालच्या कुळ्याहून वर निघालेली गाडी सोनावली, दूधसागर, करंझोळ करत कॅसलरॉकला जाते. आज त्या घाटाचा चढ ३७ ला १ आहे. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. दूधसागरच्या पुलावर प्रवासी खिडकीतून धबधबा बघायचे, पुढच्या इंजिनाला हात करायचे. बाबा मागे धुरात आणि बोगद्यात. ओला टॉवेल तोंडाला बांधून फावडं मारायचे. पुढच्या ड्रायव्हरचं नाव सगळ्या स्टेशनांवर ठाऊक, मागच्याचं कुणालाच नाही. पण मागचा कमी पडला तर गाडी घाटात उभी राहणार हे दोघांनाही पक्कं ठाऊक असायचं. वर पोहोचल्यावर पुढचा ड्रायव्हर चालत मागे यायचा आणि बाबांना विडी द्यायचा. एवढंच.

आता कामाचं. आणि हे नीट वाच, कारण इथे मी भरकटणार नाही.

रंग खरवडायला सांगितलाय म्हणतेस. कुठला रंग, कधीचा, खाली काय आहे, हे विचारल्याशिवाय एक खपलीही काढू नकोस. जुन्या रंगात शिसं असतं. तिथल्या १९५०च्या दशकातल्या डब्यांच्या पत्र्याआड ॲस्बेस्टॉसचा थर मारलेला असायचा. तुझ्या डब्यातला काढून टाकल्याचा कागद शेडमध्ये असेल, तो मागून बघ. मागायला लाजू नकोस. मी ज्या कारखान्यात बॉयलरवर होतो तिथे आम्ही ॲस्बेस्टॉसची दोरी दाताने तोडायचो आणि लॅगिंग, म्हणजे बॉयलरवरचं उष्णता धरून ठेवणारं वेष्टण, उघड्या हातांनी उचकटायचो. कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही कुणी विचारलं नाही. माझ्या पाळीतला एक जण निवृत्तीनंतर जिना चढताना दर तीन पायऱ्यांवर थांबायचा. त्याचं कारण तेच होतं की नाही, डॉक्टरच जाणोत. मी मात्र तेव्हापासून धुळीला घाबरतो, आणि तूही घाबरावंस असं मला वाटतं.

बोल्टांचं. तुला कंटाळवाणं वाटतंय ते काम म्हणजे त्या इंजिनाची बाराखडी आहे. तू शिकलीस ते मेट्रिक आटे, साठ अंशांचे. हे जुने व्हिटवर्थ, पंचावन्न अंशांचे. डोळ्याला सारखे दिसतात, पहिले दोन-तीन फेरे बसतातही, मग अडकतात आणि नवशिका जोर लावतो. झालं, आटे गेले. पान्यावरचा आकडासुद्धा फसवतो. मेट्रिक पान्यावर नटाच्या दोन बाजूंमधलं अंतर लिहितात, व्हिटवर्थ पान्यावर बोल्टाची जाडी. अर्ध्या इंचाचा पाना मोजशील तर त्याचं तोंड अर्ध्या इंचाहून बरंच मोठं भरेल. आमच्याकडे म्हातारे मिस्त्री अजून ‘चार सुताचा बोल्ट दे’ म्हणतात. आठ सुतांचा इंच, म्हणजे चार सूत अर्धा इंच. वर्कशॉपच्या प्रॅक्टिकलला तू या शब्दाला हसली होतीस. आता बघ, तुझ्या डब्यातले सगळे बोल्ट सुतांत मोजता येतील.

प्रत्येक बोल्ट कुठून निघाला ते पत्र्याच्या टिकलीवर ठोकून त्याला बांध. कागदाची चिठ्ठी तेलाने पुसते. फोटो काढ, पण फोटोच्या भरवशावर राहू नकोस. वहीत लिही, आणि तारीख घाल. हे काम आठ-दहा वर्षं चालतं. आज नट सोडणारा माणूस तो परत बसवायला असेलच असं नाही. माझ्या समजुतीने या स्वयंसेवी कामातली अर्धी इंजिनं पैशांअभावी अडत नाहीत, ‘हे कुठे बसायचं?’ या प्रश्नावर अडतात. आकडा माझा आहे, कुणाला सांगू नकोस.

बॉयलर. त्याच्यापाशी तुला इतक्यात जाऊ देणार नाहीत आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडे कारखान्याच्या बॉयलरला १९२३ च्या कायद्याने जास्तीत जास्त बारा महिन्यांचं सर्टिफिकेट मिळायचं, दर वर्षी इन्स्पेक्टर आत शिरायचा. तिथे साधारण दहा वर्षांनी बॉयलर चौकटीवरून उचलून नळ्या काढून सगळा तपासतात, मधल्या तपासण्या वेगळ्या. पण उद्या तुला फूटप्लेटवर, म्हणजे ड्रायव्हर उभा राहतो तिथे, उभं केलंच तर एक गोष्ट आत्ताच ऐकून ठेव.

मी बावीस वर्षांचा होतो, रात्रपाळी. गेजच्या काचेत पाणी अर्ध्यावर दिसत होतं. अर्धी काच म्हणजे उत्तम, म्हणून मी पेपर वाचत बसलो. आमचे जुने अटेंडंट जेवून आले, लांबूनच काचेकडे बघितलं आणि धावले. खालचा कॉक उघडला, काच रिकामी झाली, बंद केला, आणि काच रिकामीच राहिली. पेन्सिलीएवढी वाट क्षाराने बुजली होती. काचेत दिसत होतं ते मघाचं, कोंडलेलं पाणी. आत किती होतं ते देवाला ठाऊक. त्यांनी फीडचं पाणी वाढवलं नाही, आधी आग काढायला लावली. तापल्या कोरड्या पत्र्यावर गार पाणी गेलं असतं तर हे पत्र लिहायला मी नसतो. नंतर म्हणाले, ‘जिवंत पाणी हलतं रे. हे तासभर हललं नव्हतं, तुला दिसलं नाही?’ पेपर वाचत होतो हे मी सांगितलं नाही. त्यांना ते दिसलंच होतं.

इंजिनावर तर आणखी एक गंमत आहे. काच मागे, ड्रायव्हरसमोर असते. चढावर पाणी मागे सरकतं, त्यामुळे काच खरं त्याहून जास्त दाखवते. सहा मीटरचा बॉयलर ३७ ला १ च्या चढावर धर. दोन टोकांच्या पाण्यात सोळा सेंटिमीटरचा फरक पडतो. माथा ओलांडून नाक खाली झालं की तेच पाणी पुढे पळतं आणि आगीच्या पेटीचं छत उघडं पडतं. छतात शिशाचा प्लग असतो. पाणी उतरलं की तो वितळतो आणि वाफ आगीवर सुटते. तो शेवटचा उपाय, त्यावर कुणी विसंबत नाही. बाबा म्हणायचे, घाट चढताना काच भरलेली असू दे आणि मन रिकामं ठेव, माथ्यावर दोन्ही उलटं होतं.

माणसांबद्दल थोडंच. तिकडे शेडमध्ये जुने लोक नव्यांचे वर्ग घेतात, रेल्वेच्या काळापासूनची रीत आहे. त्याला जाऊन बस, अगदी विषय आधी शिकलेला असला तरी. तुझी पदवी पहिल्या सहा महिन्यांत कुणाला सांगू नकोस. मात्र न समजलेलं काम कुणी पुढ्यात टाकलं तर ‘मला हे येत नाही’ असं स्पष्ट म्हण. त्यासाठी तुझा मान कमी होणार नाही. पाणी न बघता पेपर वाचणाऱ्याचा होतो.

आपल्याकडे जुनी इंजिनं अनेक स्टेशनांबाहेर चौथऱ्यावर उभी आहेत. मोठी तपासणी असली की गंजावरच चकचकीत काळा रंग मारतात. १८५५ ची ‘फेअरी क्वीन’ १९९७ मध्ये रेल्वेने पुन्हा रुळावर आणली, रेवाडीची शेड जपली, हे मान्य. पण वर्गणी काढून, शनिवारी अंगाला तेल लावून घेणारी माणसं आपल्याकडे फारशी नाहीत. १८८०च्या दशकापासून रेल्वे असलेल्या गोव्यात तरी मला भेटली नाहीत. तू परत येशील तेव्हा यावर बोलू. पत्रात नको, मग मी थांबत नाही.

तुझी आई सोलं आणि उकड्या तांदळाचं पीठ पाठवतेय, ओळखीच्या कुणाबरोबर. त्यात जुन्या धोतरात गुंडाळलेली एक जड वस्तू असेल. बाबांचा पाना आहे, बेळगावच्या बाजारातून स्वतःच्या पैशांनी घेतलेला, चार सुताचा, व्हिटवर्थ. माझ्या भिंतीवर बत्तीस वर्षं टांगलाय आणि आता इथे त्याने उघडेल असं काही उरलेलं नाही. तुझ्या डब्यात तो कुठल्या खणात जाईल ते आधी ठरव, टिकली ठोक, आणि खणाचा फोटो पाठव.

तुझा,
मामा