वजन कमी करण्यासाठी आहारातून स्निग्ध पदार्थ पूर्णपणे बंद केले तर चालेल का?

नाही, स्निग्ध पदार्थांचे प्रमाण जरूर कमी करा, पण ते पूर्णपणे बंद करू नका, कारण त्यांची काही कामे कर्बोदके किंवा प्रथिने करू शकत नाहीत. ऊर्जा कर्बोदकांतूनही मिळते आणि शरीराची झीज प्रथिने भरून काढतात. परंतु लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन मेदाम्ले (फॅटी ॲसिड, म्हणजे मेदाचे किंवा स्निग्ध पदार्थांचे घटक) शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, आणि पेशींच्या आवरणासाठी ती लागतातच. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या शास्त्रज्ञ दांपत्याने १९२९ मध्ये दाखवून दिले की पूर्णपणे मेदविरहित आहारावर ठेवलेल्या उंदरांची वाढ खुंटते, शेपटीच्या त्वचेवर खवले येतात आणि मूत्रपिंडेही बिघडतात. पुढे ठरावीक मेदाम्ले अगदी थोड्या प्रमाणात देताच ते सुधारल्याचेही दिसले. शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे मेदात विरघळणारी असल्यामुळे जेवणात मेद जवळजवळ नसेल, तर ती आतड्यांतून नीट शोषली जात नाहीत. मात्र एक ग्रॅम मेदातून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, तर तेवढ्याच कर्बोदकांतून किंवा प्रथिनांतून सुमारे ४, म्हणून प्रमाणावर लक्ष हवेच: प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस एकूण ऊर्जेच्या ३० टक्के किंवा त्याहून कमी मेदाची आहे. स्वादुपिंडाचा किंवा पित्ताशयाचा विकार असणाऱ्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.